प्रश्न कळला की उत्तर येते



पुढचे उदाहरण वाचा. पदार्थविज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकांत ते या ना त्या रूपात हमखास भेटते. 'टू मासेस ऑफ थ्री केजी अँड टू केजी आर कनेक्टेड बाय ए लाइट स्ट्रिंग पासिंग ओव्हर ए स्मूथ, लाइट पुली. फाइंड द ॲक्सिलरेशन.'

मराठी शाळेतून अकरावीत आलेल्या मुलाला ॲक्सिलरेशन म्हणजे त्वरण हे ठाऊक असते. न्यूटनचे नियमही येत असतात. मग तो अडतो कोठे? 'लाइट' या साध्या शब्दापाशी! लाइट म्हणजे प्रकाश. मग दोरीचा आणि प्रकाशाचा संबंध काय?

येथे 'लाइट' म्हणजे हलकी. इतकी हलकी, की तिचे वस्तुमान शून्यच धरायचे. 'स्मूथ' म्हणजे नुसती गुळगुळीत नव्हे, तर जिथे घर्षण मुळीच नाही अशी कप्पी. हे शब्द शोभेसाठी घातलेले नाहीत. ती उदाहरणात दिलेली माहिती आहे. तिच्यामुळेच दोरीचा ताण दोन्ही बाजूंना सारखा धरता येतो आणि त्वरण गुरुत्व त्वरणाच्या एक पंचमांश, म्हणजे सुमारे २ मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद, असे दोन ओळींत निघते. मुलाला विज्ञान येत होते. प्रश्न कळला नव्हता.

विज्ञानाच्या प्रवेशपरीक्षांसाठी लागणारे इंग्रजी फार थोडे आहे, पण ते नेमके शिकावे लागते, असे माझे स्पष्ट मत आहे. जाडजूड शब्दकोश पाठ करून किंवा फाडफाड इंग्रजी बोलण्याचे वर्ग लावून ते येत नाही.

आपल्याला भीती वाटते ती लांबलचक पारिभाषिक शब्दांची. खरे तर तेच सर्वांत सोपे. 'आर्थ्रोपोडा' हा शब्द फोडून पाहा. आर्थ्रो म्हणजे सांधा आणि पोड म्हणजे पाय. तुमच्या मराठी पुस्तकातला 'संधिपाद' तो हाच. 'एकिनोडर्माटा' म्हणजे काटेरी कातडीचे, अर्थात कंटकचर्मी. 'आयसोटोप' म्हणजे समान स्थान असलेले, अर्थात समस्थानिक. ग्रीक शब्द इंग्रजी मुलालाही परकाच असतो. तुमच्याजवळ त्याचा अर्थ सांगणारा मराठी शब्द आधीच आहे. मराठीतून शिकलात हे तुमचे भांडवल आहे, ते टाकून देऊ नका.

फसवतात ते लहान आणि ओळखीचे शब्द. 'नॉर्मल' म्हणजे नेहमीचा असे आपण समजतो; प्रकाशाच्या प्रकरणात ती स्तंभिका असते. 'ॲट रेस्ट' म्हणजे विश्रांती नव्हे, तर वेग शून्य. 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे अनुक्रमे. तो नजरेतून सुटला तर किमती उलटसुलट घातल्या जातात. आणि 'नॉट', 'एक्सेप्ट', 'ॲट लीस्ट', 'अनलेस' हे चौघे तर अख्ख्या प्रश्नाचा अर्थ फिरवतात.

याची किंमत किती? वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत २०२५ साली १८० प्रश्नांना १८० मिनिटे होती, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. येत असलेले पाच प्रश्न केवळ 'नॉट' न दिसल्यामुळे चुकले, तर २५ गुण गेले. तेव्हा 'नीट'मध्ये प्रश्न नीट वाचणे हाही अभ्यासच आहे!

आता तुम्ही म्हणाल, मग पेपर मराठीतूनच का देऊ नये? अवश्य द्या. नीट मराठीतून देता येते आणि २०२१ पासून जेईई मेनही. पण जेईई ॲडव्हान्स्डचा पेपर फक्त इंग्रजी व हिंदीत निघतो आणि आपल्या राज्याच्या सीईटीत गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. शिवाय नीटच्या भाषांतरात संदिग्धता असली, तर इंग्रजी मजकूर प्रमाण मानला जातो. २०१८ साली तमिळ प्रश्नपत्रिकेतल्या ४९ प्रश्नांवरून मोठा वाद झाला. मद्रास उच्च न्यायालयाने वाढीव गुण देण्याचा आदेश दिला, पण सर्वोच्च न्यायालयात तो टिकला नाही. म्हणून मराठीतून पेपर देणाऱ्यानेही इंग्रजी प्रश्न वाचायला शिकलेच पाहिजे.

कसे शिकावे? एक वही घाला. रोज पाच इंग्रजी प्रश्न घ्या. लगेच सोडवू नका. आधी प्रत्येक प्रश्न मराठीत मोठ्याने सांगा: काय दिले आहे, काय विचारले आहे, काय धरून चालायचे आहे. जो शब्द अडेल तो वहीत उतरवा आणि त्याचा अर्थ त्याच वाक्यासह लिहा. सुटा शब्द लिहिलात तर 'लाइट'सारखा घोटाळा पुन्हा होईल. काही महिन्यांनी नवे शब्द सापडणे कमी होत जाईल, कारण प्रश्न काढणारे तेच ते शब्द पुन्हा पुन्हा वापरतात. हळूहळू मनातल्या मनात भाषांतर करण्याची गरजही उरणार नाही. एका मिनिटात प्रश्न सुटावा, तर हे व्हायलाच हवे.

शिक्षक बंधुभगिनींनाही एक विनंती. इंग्रजी व्याख्या फळ्यावर लिहून ती घोकून घेऊ नका. वर्गातल्या एखाद्याला उठवून 'बाळ, हा प्रश्न मराठीत सांग बरे' एवढेच म्हणा. कोण कोठे अडला आहे ते तत्काळ कळेल.

दहावीला विज्ञानात रमलेली कितीतरी मुले 'आपले इंग्रजी कच्चे' म्हणून विज्ञान शाखाच सोडून देतात. त्यांचे विज्ञान कच्चे नसते. चाळीस-पन्नास शब्दांच्या भीतीने एखादा भावी डॉक्टर किंवा संशोधक मागे फिरावा, हे आपल्याला परवडणारे नाही. तेव्हा मित्रहो, वही आजच घाला. पहिला शब्द मी दिलाच आहे: लाइट!