दोन दिवसांचा पाहुणा

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, अशी या शब्दाची फोड परंपरेने सांगितली जाते. या कसोटीवर जपानी कुटुंबात शनिवार-रविवारचा मुक्काम करणारा परदेशी विद्यार्थी अतिथी ठरणार नाही. त्याच्या येण्याची तिथी तर ठरलेली असतेच. जाण्याची वेळही आगगाडीच्या मिनिटापर्यंत निश्चित असते. विद्यापीठ किंवा शहरातील आंतरराष्ट्रीय स्नेहसंवर्धनाची संस्था अर्ज भरून घेते, विद्यार्थ्याला कोणते पदार्थ वर्ज्य आहेत आणि मांजराचे वावडे आहे काय, हे आधी विचारते. शनिवारी यजमान कुटुंब ठरल्या जागी उभे असते आणि रविवारी सायंकाळी तेच त्याला स्थानकावर पोचवते. हे सारे बहुधा विनामोबदला चालते.

इतक्या आखीव पाहुणचाराची थट्टा करणे सोपे आहे. परंतु वर्षभर वसतिगृहाच्या खोलीत राहून जे कळत नाही, ते या दोन दिवसांत कळते, हेही नाकारता येणार नाही. वर्गात विद्यार्थी आदरार्थी क्रियापदे घोकतो. घरात पाऊल टाकताच पाच वर्षांचे पोर त्याच्याशी जी भाषा बोलते, तिच्यातले एकही रूप त्या वर्गात आलेले नसते. मराठी घरातून गेलेल्या मुलाला दारातच पादत्राणे काढण्याचे नवल वाटत नाही. त्याने नेलेली मिठाई यजमानीणबाई कधी आधी बुत्सुदानापुढे, म्हणजे घरातील पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे, ठेवतात, तेव्हा तर त्याला आपल्याच आजीची आठवण यावी.

खरी परीक्षा स्नानगृहात होते. बादलीतून तांब्याने अंगावर पाणी घेणे म्हणजे अंघोळ, हा ज्याचा संस्कार, त्याच्यापुढे ऊन पाण्याने काठोकाठ भरलेली ‘ओफुरो’ असते. साबण लावून अंग धुवायचे ते बाहेर. स्वच्छ झाल्यावर पाण्यात केवळ बसायचे. ते पाणी घरातील सर्वांसाठी असते आणि पहिला मान पाहुण्याचा. नवखा पाहुणा आतच साबण लावतो आणि शिष्टाचार म्हणून बूच काढून सारे पाणी सोडून देतो! यजमान हसून पुन्हा पाणी भरतात. एक शब्दही बोलत नाहीत. आपली चूक त्याला कळते ती बहुधा पुढे, वसतिगृहातील एखाद्या जुन्या मित्राकडून. चूक दाखवली की माणूस आपला होतो, ही समजूत असलेल्या समाजातून आलेल्याला हे मौन सौजन्याचे वाटावे की परकेपणाचे, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

जेवणातही तेच. शाकाहारी पाहुणा येणार म्हणून यजमानीणबाई वेष्टनांवरील बारीक अक्षरे वाचून सामान आणतात, आणि तरीही मिसोच्या सारात ‘दाशी’ असते. सुकवलेल्या बोनितो माशाचे पापुद्रे उकळून काढलेले हे पाणी जपानी स्वयंपाकाचा पाया आहे. त्यात मासा आहे असे तेथील गृहिणीला वाटतच नाही. फोडणीत तेल आहे हे जसे इकडे कुणी मुद्दाम सांगत नाही, तसेच ते. सार पिणारा आणि न पिणारा, दोघेही अवघडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीनंतर विद्यार्थी उठून बशा विसळू लागतो. एरवी ‘राहू दे’ म्हणणारी यजमानीणबाई त्याला टॉवेल देऊन शेजारी उभी करते. त्या क्षणी तो पाहुणा राहत नाही. दुर्दैवाने त्याच सायंकाळी त्याची गाडी असते.

या मुक्कामांना राष्ट्रीय धोरणाची पार्श्वभूमी आहे. १९८३ साली पंतप्रधान नाकासोने यांनी, त्या वेळी जेमतेम दहा हजार असलेली परदेशी विद्यार्थ्यांची संख्या एकविसाव्या शतकाच्या आरंभी एक लाखावर नेण्याचा संकल्प सोडला. २००३ मध्ये तो पुरा झाला. पुढे २००८ मध्ये तीन लाखांचे लक्ष्य ठरले आणि २०१९ मध्ये गाठले गेले. विद्यार्थी आणणे सरकारच्या हाती होते. त्यांना घर देणे मात्र घरमालकांच्या.

२०१७ साली जपानच्या न्याय मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, आधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी नागरिकांपैकी सुमारे ३९ टक्क्यांनी, केवळ परदेशी म्हणून नकार मिळाल्याचे सांगितले. कचरा वर्गवारी करून टाकणार नाहीत, रात्री गोंगाट करतील, न सांगता मायदेशी निघून जातील, ही घरमालकांची भीती. यजमान आणि घरमालक ही माणसे निराळी, हे खरे. आपणहून पाहुणा मागणारे कुटुंब मुळातच उदार असते. तरीही ज्या समाजात परक्याला पहिल्या अंघोळीचा मान मिळतो, त्याच समाजात त्याला खोली मिळत नाही, यातली विसंगती लपत नाही. पाहुणा जाणार, हे ठाऊक असते. भाडेकरू राहणार असतो.

यावर पुण्यामुंबईच्या वाचकाने मान हलवण्याचे कारण नाही. आडनाव आणि आहार विचारून घर नाकारणाऱ्या गृहनिर्माण संस्था येथे आहेत. पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकी किंवा अरब विद्यार्थ्याला दोन दिवस घरी ठेवून घेणारी कुटुंबे किती, हेही मोजून पाहावे. कधी काळी याच पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. त्या प्रथेला जातीचे कुंपण होते आणि वाढताना बोलून दाखवणारे हातही होते. पण सोमवारचे घर दर सोमवारी असे आणि मुलगा आजारी पडला तर त्या घराला ते कळे. जपानच्या दोन दिवसांच्या मुक्कामात उणीव आहे ती या पुनरावृत्तीची. काही शहरांत त्याच विद्यार्थ्याने महिन्यातून एकदा त्याच घरी जावे, अशी व्यवस्था आहे. ती सर्वत्र व्हावयास हवी.

दुसरी गोष्ट जामिनाची. जपानमध्ये भाड्याने घर घेताना जामीनदार लागतो, नाहीतर हमी देणाऱ्या कंपनीला शुल्क भरावे लागते. पूर्वी व्यक्तिगत जामीनदाराच्या जबाबदारीला मर्यादा नसे, त्यामुळे भला माणूसही कचरत असे. एप्रिल २०२० पासून अमलात आलेल्या दिवाणी कायद्यातील दुरुस्तीने ही कमाल रक्कम करारातच नमूद करणे बंधनकारक केले. तरी हा भार एखाद्या कुटुंबाच्या सद्भावनेवर टाकणे रास्त नव्हे. शुल्क घेऊन विद्यार्थी बोलावणाऱ्या विद्यापीठांनीच त्यांचे जामीनदार व्हावे. काही होतातही, उरलेल्यांना अडचण कसली, हे त्यांनी सांगावे.

मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. जपानी भाषेतही घरचे माणूस बाहेर पडताना जे म्हणते, त्याचा अर्थ ‘जाऊन येतो’ असाच आहे. मागे राहिलेले ‘इत्तेराश्शाई’, म्हणजे ‘जाऊन ये’, असे उत्तर देतात. रविवारी सायंकाळी स्थानकावर काही यजमान ‘सायोनारा’ टाळून हाच शब्द उच्चारतात. त्या शब्दावर विसंबून विद्यार्थी पुढच्या वर्षी भाडेकराराचा कागद हाती घेऊन त्याच दारी आला, तर यजमानीणबाईंनी काय करावे, हे कोणत्याही संस्थेच्या माहितीपत्रकात अद्याप छापलेले नाही.