दंड चुकीला की गरिबीला?

ई-चलन थकवले तर लायसन्स निलंबित करा, ही मागणी शिस्तीची वाटते. तीन महिन्यांत दंड न भरणाऱ्याचे लायसन्स काढण्याचा प्रस्ताव 2025 मध्ये केंद्राच्या पातळीवर चर्चेत आला, तेव्हा मध्यमवर्गाने टाळ्याही वाजवल्या. आम्ही या विचाराच्या विरोधात आहोत. कारण त्यात शिक्षा वाहतुकीच्या चुकीला होत नाही, खिशात पैसे नसण्याला होते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचे, बेफाम वेगाने माणसे चिरडणाऱ्याचे लायसन्स गेलेच पाहिजे. घोडबंदर रोडवर आणि शिळफाट्याला जीव मुठीत धरून रस्ता ओलांडणारी माणसे आपलीच आहेत. पण धोकादायक चालक आणि कर्जदार चालक हे दोन वेगळे लोक आहेत. ज्याने दंड भरला तो धोकादायक असला तरी रस्त्यावर राहणार आणि ज्याला भरता आला नाही तो सावध असला तरी घरी बसणार. यात सुरक्षा कुठे आली?

आता हिशोब करू. महाराष्ट्रात डिसेंबर 2021 पासून वाढीव दंड लागू झाले. समजा, कल्याण स्टेशनवर शेअर रिक्षा चालवणाऱ्याच्या हाती भाडे आणि गॅस वजा जाता दिवसाला 700 रुपये राहतात. पाच-सहा चलने साठली की आठवड्याची कमाई गेली. मोठ्या गाडीवाल्याला तीच रक्कम एका जेवणाचे बिल. लायसन्स गेल्यावर त्याची गाडी ड्रायव्हर चालवेल. रिक्षावाल्याची चूलच विझेल. पोटासाठी तरीही तो रस्त्यावर उतरला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182 प्रमाणे 10,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे आधीचा दंड फेडायचा मार्ग बंद करायचा आणि वर त्याहून मोठा दंड लावायचा. जुन्या सावकाराची वही यापेक्षा वेगळी होती का?

शिवाय चलन गाडीच्या नंबरवर फाटते. कोळसेवाडीत किंवा कळव्यात भाड्याची रिक्षा चालवणारा एक, मालक दुसरा आणि मेसेज जातो तिसऱ्याच, कधीच बंद पडलेल्या मोबाईलवर. कॅमेऱ्याने पकडलेल्या चुकीची नोटीस 15 दिवसांत पाठवली गेली पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम 167अ सांगतो. ज्याला नोटीसच मिळाली नाही, त्याने हरकत घ्यायची कधी? जुलै 2025 मध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध संप केला, तेव्हा सरकारला चर्चेला बसावे लागले. त्यांच्यामागे संघटना होती. नाक्यावरच्या टेम्पोवाल्यामागे आणि डिलिव्हरी करणाऱ्या पोरामागे कोण आहे?

काही साथी विचारतील, "माणूस बघून शिक्षा ठरवायची हा तर मनूचा कायदा. कायदा सर्वांना सारखाच हवा ना?" प्रश्न रास्त आहे. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, कारण एकाच गुन्ह्याला ती वरच्याला हलकी आणि खालच्याला जबर शिक्षा देत होती. आज रक्कम सारखी आहे, पण वरच्याला हलकी आणि खालच्याला जबर हा परिणाम तोच. संविधान सभेत 25 नोव्हेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी याच विसंगतीचा इशारा दिला होता : राजकारणात समता येईल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील. दंडाचे वजन ऐपतीप्रमाणे ठरवणे म्हणजे मनूकडे जाणे नव्हे, ते मनूला उलटे करणे आहे. फिनलंडमध्ये 1921 पासून गंभीर गुन्ह्यांचा दंड माणसाच्या रोजच्या कमाईवर मोजला जातो.

अमेरिकेतील काळ्या समाजाने हीच लढाई लढली. फर्ग्युसन शहराचे पोलीस आणि कोर्ट दंडवसुलीचा कारखाना झाले होते आणि त्याचा भार काळ्यांवर पडत होता, हे तिथल्या न्याय खात्यानेच मार्च 2015 च्या अहवालात मांडले. कॅलिफोर्नियाने 2017 मध्ये दंड थकला म्हणून लायसन्स काढणे थांबवले. न्यूयॉर्कमध्ये 31 डिसेंबर 2020 रोजी तशा कायद्यावर सही झाली. ब्लॅक पँथरकडून प्रेरणा घेऊन 1972 मध्ये दलित पँथर उभी करणाऱ्या चळवळीने हा धडाही घ्यायला हवा.

आपल्याकडे आधार नाही असे नाही. मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगितले की, उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 424 मध्येही दंड हप्त्यांनी भरू देण्याची सोय होती. कोर्ट जे करू शकते, ते वाहतूक शाखेच्या मशीनला का जमू नये?

म्हणून आमच्या मागण्या :

1. केवळ थकबाकीसाठी लायसन्स किंवा रिक्षाचा बॅज निलंबित करू नये. निलंबन फक्त धोकादायक चालवण्यासाठी.

2. दंड हप्त्यांनी भरण्याची सोय असावी आणि ऐपत तपासल्याशिवाय सक्तीची वसुली नको.

3. नोटीस पोहोचल्याचा पुरावा नसेल तर चलन रद्द व्हावे.

4. ठाणे आणि कल्याण आरटीओत मराठीत, समोरासमोर हरकत ऐकणारी खिडकी हवी.

परिवहन मंत्री प्रताप सरनाईक ठाण्याचेच, ओवळा-माजिवड्याचे आमदार आहेत. निवेदन घेऊन फार लांब जायचे नाही. प्रत्येक वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी आपल्या रिक्षा स्टँडवर बसून थकीत चलनांची यादी करावी : रक्कम, तारीख, नोटीस मिळाली की नाही. भावनेला उत्तर देणे सोपे असते, यादीला उत्तर देणे अवघड. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे फक्त जयंतीच्या बॅनरवर लिहिण्यासाठी नाही.

जय भीम.