तापणारी पृथ्वी व शंकेखोर मंडळी

पृथ्वीची उष्णता मनुष्याच्या कृतीमुळें वाढत आहे असें म्हणतांच, ‘हवामान काय, तें नेहमींच बदलत आलें आहे,’ असें उत्तर देणारे गृहस्थ पदोपदीं भेटतात. त्यांची थट्टा करणें सोपें आहे. परंतु शास्त्राच्या अभ्यासकास तें शोभत नाहीं. शंका अवश्य विचारावी. माझें म्हणणें इतकेंच कीं, उत्तर मिळाल्यावर तें ऐकूनही घ्यावें.

सन १९३८ मध्यें गाय कॅलेंडर नांवाच्या इंग्रज गृहस्थानें लंडन येथील रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढें एक निबंध मांडला. हा वाफेच्या यंत्रशास्त्रांतला इंजिनियर, हवामानखात्यांतला नव्हे. जगांतील १४७ ठिकाणच्या उष्णतामानाच्या नोंदी जुळवून त्यानें दाखविलें कीं, मागील अर्धशतकांत पृथ्वी किंचित् तापली आहे, व दगडी कोळशासारखीं इंधनें जाळल्यानें हवेंत वाढलेला कार्बन डायऑक्साइड वायु हें त्याचें एक कारण आहे. विद्वानांनीं त्यावर एकामागून एक शंका काढल्या. पूर्वीं सिमल्यास हिंदुस्थानच्या हवामानखात्यांत काम केलेले सर जॉर्ज सिम्प्सन यांस तर हा योगायोगच वाटला. (गंमत अशी कीं, खुद्द कॅलेंडरास ही उष्णता हितकारक वाटे; तिनें पुढचें हिमयुग लांबेल अशी त्याची आशा होती!)

त्या शंका त्या काळीं रास्त होत्या, कारण या वायूचें सलग व अचूक मोजमाप कोणापाशींच नव्हतें. तें चार्ल्स कीलिंग यांनीं १९५८ मध्यें हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर सुरू केलें. तेव्हां हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. अंटार्क्टिकाच्या बर्फांत कोंडलेले प्राचीन हवेचे बुडबुडे तपासले असतां, यंत्रयुगापूर्वींच्या आठ लक्ष वर्षांत हा आंकडा सुमारें ३०० च्या पलीकडे गेलेला आढळत नाहीं. ‘नेहमींच’ या शब्दाचें वजन येथें कळून येतें.

‘सूर्यच अधिक तापला असेल,’ ही दुसरी शंका. तसें असतें तर वातावरणाचे खालचे व वरचे दोन्ही थर तापावयास पाहिजे होते. प्रत्यक्षांत खालचा तापत आहे आणि वरचा, म्हणजे स्थितांबर, निवत आहे. उपग्रहांनीं १९७८ पासून केलेल्या मोजणींतही सूर्याच्या तेजांत तशी वाढ दिसलेली नाहीं.

शंकेखोर असावा तर रिचर्ड मुलर यांच्यासारखा. कॅलिफोर्नियांतील या पदार्थविज्ञानवेत्त्यांचा प्रचलित नोंदींवर विश्वास नव्हता. २०१० मध्यें ‘बर्कले अर्थ’ ही संस्था स्थापून त्यांनीं त्या नव्यानें तपासल्या. मदत देणारांत तेलाच्या धंद्यांतील कोच यांचा धर्मादाय निधीही होता. २०१२ मध्यें त्यांनीं जाहीर केलें कीं, तापवाढ खरी असून ती जवळजवळ सर्वस्वीं मनुष्यकृत आहे.

‘योगायोग’ म्हणून स्वस्थ बसलेल्या प्रत्येक वर्षाचा भार आजच्या विद्यार्थ्यांच्या माथीं येतो, कारण हवेंत गेलेल्या या वायूचा मोठा अंश शतकानुशतकें तेथेंच राहतो. शंकेला जागा नाहीं असें नाहीं. हा वायु दुप्पट झाल्यास उष्णता किती वाढेल? आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालांत अडीच ते चार अंश असा बहुधा संभवणारा अंदाज आहे. हें अंतर लहान नव्हे, व तें बव्हंशीं ढगांच्या वर्तनावर अवलंबून आहे. मात्र ‘कांहींच होणार नाहीं’ असें म्हणणारांस त्या अहवालांत कोठेंही आधार सांपडत नाहीं.