वारशाने न मिळणारी पत

व्यापारात भांडवल उसने मिळते, जागा भाड्याने मिळते; पत मात्र स्वतःच कमवावी लागते. पेढीच्या जुन्या वह्यांतून शिकायला मिळणारे हे सत्य सार्वजनिक जीवनालाही तितकेच लागू पडते. सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख यांची कारकीर्द हे त्याचे ठळक उदाहरण होय.

मोहोळ तालुक्यातील पेनूर हे त्यांचे मूळ गाव. कायद्याचे शिक्षण घेऊन ते वकिलीसाठी सांगोल्यात आले आणि १९६२ मध्ये शेतकरी कामगार पक्षातर्फे प्रथम विधानसभेवर निवडून गेले. २०१४ पर्यंत त्यांनी अकरा वेळा ही निवडणूक जिंकली. मतदारसंघ एकच, पक्षही एकच. तो पक्ष कालांतराने लहान होत गेला, सत्तेच्या वाटा अन्यत्र वळल्या. तरीही त्यांनी घर बदलले नाही. एवढ्या प्रदीर्घ काळात मंत्रिपद त्यांच्या वाट्याला दोनदाच आले: १९७८ च्या पुलोद सरकारात आणि १९९९ नंतरच्या आघाडी सरकारात. उरलेला बहुतेक काळ विरोधी बाकांवर गेला. आमदारकीच्या काळातही एस.टी.ने प्रवास करणारे गृहस्थ म्हणून त्यांची ओळख राहिली.

या खात्यात तोट्याच्या नोंदीही आहेत. १९७२ मध्ये त्यांचा पराभव झाला. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परत आले. १९९५ मध्ये अगदी थोड्या मतांनी जागा गेली; १९९९ मध्ये ती पुन्हा मिळाली. पराभवानंतर पक्ष बदलावा किंवा गाव सोडावे, असे त्यांना वाटले नाही. तोटा आला म्हणून दुकानाची पाटी उतरवली नाही, हाच याचा अर्थ.

सांगोला हा पर्जन्यछायेतील तालुका. तेथे पाणी हाच खरा प्रश्न. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासमवेत आटपाडीच्या पाणी परिषदांतून त्यांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावे, ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. अशा मागणीचे फळ एका निवडणुकीत पदरात पडत नाही. सहकारी सूतगिरणीच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. सहकारी संस्थेत पैसा अनेकांचा असतो, म्हणून चालवणाऱ्याचा हात स्वच्छ असावा लागतो.

२०१९ मध्ये त्यांनी स्वतः निवडणूक लढवली नाही. नातू उभा राहिला आणि थोडक्यात पराभूत झाला. आजोबांचे नाव होते, पक्ष होता, कार्यकर्ते होते. तरी मतदारांनी नवा हिशेब मांडला. ३० जुलै २०२१ रोजी गणपतरावांचे निधन झाले. पुढे २०२४ मध्ये त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख त्याच मतदारसंघातून, त्याच पक्षाकडून विजयी झाले.

प्रत्येक व्यापारी कुटुंबाने या शेवटच्या नोंदीपाशी थोडे थांबावे. वडील-आजोबांची पत मुलाला गादीपर्यंत नेते, पहिला ग्राहकही आणून देते. दुसऱ्यांदा तो ग्राहक येतो तो मात्र मुलाच्या स्वतःच्या वागणुकीमुळे. दुकान, जागा, मालाचा साठा यांची वाटणी कागदावर होते. पतीची वाटणी होत नाही. प्रत्येक पिढीला तिचे खाते नव्याने उघडावे लागते, आणि त्यातील पहिली जमा स्वतःच्या शब्दाचीच असावी लागते.