रजेची शिल्लक आणि नकाराचे कारण

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून शिकत आहेत. परीक्षेसाठी रजा मिळविणे किती अवघड असते, हे आपणास वेगळे सांगावयास नको. पूर्वी त्यासाठी साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवून ताटकळावे लागे. आता अनेक आस्थापनांत हा अर्ज संगणक प्रणालीत भरला जातो आणि शिल्लक रजा तत्काळ दिसते. हा लाभ लहान नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार वर्षाला ८ दिवसांची नैमित्तिक रजा, तसेच वर्षात २४० दिवस काम केलेल्यास दर २० दिवसांमागे १ दिवसाची भरपगारी रजा मिळते. ही दुसरी रजा ४५ दिवसांपर्यंत साठविता येते. रजा हा हक्क आहे, याची आठवण पडद्यावरील आकडा करून देतो.

तथापि प्रणाली शिल्लक मोजते, निकड मोजत नाही. ‘नामंजूर’ एवढाच शब्द पडद्यावर उमटला, तर दाद कोणाकडे मागावी? कागदी अर्जावर निदान सही तरी असे. म्हणून प्रत्येक नकारासोबत त्याचे कारण आणि नाकारणाऱ्याचे नाव नोंदविणे प्रणालीत अनिवार्य असावे, असे माझे मत आहे. आपणही ‘वैयक्तिक कारण’ एवढेच न लिहिता परीक्षेच्या तारखा आणि कामाची पर्यायी व्यवस्था स्पष्टपणे नमूद करावी. सकारण केलेला अर्ज विनाकारण फेटाळणे कोणासही जड जाते.