यमूचे दुःख आणि शाळेचा वर्ग

माध्यमिक शाळांतून भाषा शिकविली जाते, साहित्य मात्र क्वचितच शिकविले जाते, ही तक्रार जुनी आहे आणि दुर्दैवाने खरीही आहे. ‘कुमारभारती’तील पाठ चार-सहा पानांचा, त्याच्या शेवटी स्वाध्याय, पुढे कृतिपत्रिकेतील गुणांची विभागणी आणि बाजारात मिळणारी मार्गदर्शिका. या चौकटीतून दहावी उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्याने एक तरी मराठी कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वर्गात वाचलेली असेल, अशी खात्री कोणी देऊ शकणार नाही. उताऱ्यातून शब्दार्थ कळतो. माणसाचे आयुष्य कळायला संपूर्ण कथाच वाचावी लागते. म्हणूनच हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी नववी-दहावीच्या वर्गात संपूर्ण वाचली जावी, या सूचनेचा गंभीरपणे विचार झाला पाहिजे. तो पुण्या-मुंबईच्या शाळांपेक्षाही अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गीसारख्या सीमेवरच्या गावी अधिक अगत्याने झाला पाहिजे.

अमेरिकेतील माध्यमिक शाळांत नॅथॅनिएल हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ ही १८५० सालची कादंबरी पिढ्यान्‌पिढ्या शिकविली जात आहे. सतराव्या शतकातील बॉस्टनमध्ये कर्मठ प्युरिटनांची सत्ता आहे. विवाहबाह्य संबंधातून मूल झालेल्या हेस्टर प्रिनला छातीवर लाल रंगाचे अक्षर आयुष्यभर वागविण्याची शिक्षा होते. मुलाच्या बापाचे नाव सांग, असा उपदेश तिला भर चौकात करतो तो धर्मोपदेशक डिम्सडेल. आणि बाप तोच असतो. स्त्रीचे पाप तिच्या छातीवर, तर पुरुषाचे पाप त्याच्या प्रतिष्ठेच्या झग्याआड, अशी ही वाटणी. हॉथॉर्नचा एक पूर्वज सेलमच्या १६९२ सालच्या चेटकीण-खटल्यांत न्यायाधीश होता. आपल्याच वाडवडिलांच्या न्यायबुद्धीची झडती घेण्यासाठी हा लेखक दोनशे वर्षे मागे गेला, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

हरिभाऊंना इतके मागे जावे लागले नाही. १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून त्यांची कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात रण माजले होते. कादंबरीतील यमू आपली कहाणी स्वतःच सांगते. लहानपणी लग्न, सासरचा जाच, समंजस पतीच्या सहवासातील अल्पकाळचे सुख, अकाली वैधव्य आणि अखेर तिच्या इच्छेविरुद्ध झालेले केशवपन. हेस्टरच्या छातीवर अक्षर होते. यमूच्या बाबतीत तिचे मस्तकच समाजाने आपली पाटी केली. हेस्टरवर निदान काही आरोप तरी होता. यमूचा अपराध एवढाच, की तिचा नवरा मरण पावला.

ही कहाणी लेखकाच्या कल्पनेतील म्हणून बाजूला सारता येत नाही. १८९० सालीच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार केला. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना बहिष्कृत केले. खुद्द सोलापूर जिल्ह्याच्या पंढरपुरात १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांच्या प्रयत्नाने बालकाश्रम उभा राहिला आणि प्रार्थना समाजाने तो चालविला. यात्रेच्या निमित्ताने आणलेल्या विधवा तेथे प्रसूत होत आणि मूल मागे ठेवून मुकाट्याने परतत. त्या मुलांचे बाप कोण, हे गावाला कळले नाही, किंवा कळूनही गावाने विचारले नाही. चंद्रभागेच्या तीरी हेस्टर अनेक होत्या. डिम्सडेलही अनेक असले पाहिजेत. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येच्या आरोपावरून १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली खरी. पण या प्रकरणाने संतप्त होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली आणि दोष बाईच्याच माथी का, हा प्रश्न मराठीत उघडपणे विचारला.

आता मैंदर्गीच्या वर्गात ही कादंबरी नेण्याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की पुण्याच्या ब्राह्मणी घरातील ही कथा, तिची भाषाही त्या माजघरातील. जिथे अनेक मुलांच्या घरी कन्नड बोलली जाते, तिथे ती परकी वाटेल. आक्षेपात तथ्य आहे. केशवपन ही मुख्यतः उच्चवर्णीयांची चाल होती, हे वर्गात स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे आणि त्यासाठी हरिभाऊंच्या शेजारी ताराबाईंना बसविले पाहिजे. परंतु मर्यादा ओलांडणाऱ्याला समाज काय शिक्षा करतो, हे मैंदर्गीच्या मुलांना पुण्याहून शिकण्याची गरज नाही. बाराव्या शतकातील कल्याणमध्ये ब्राह्मण मधुवरसाची कन्या आणि चर्मकार हरळय्याचा पुत्र यांचा विवाह झाला आणि त्यापायी दोघांच्या पित्यांना बिज्जळाने देहान्त शासन दिले, ही बसवेश्वरांच्या चरित्राशी निगडित कथा या भागातील अनेक घरांत परंपरेने सांगितली जाते. त्या कथेवरून यमूकडे जाणारी वाट शिक्षकाला दाखविता आली, तर दोन भाषांच्या सीमेवर वाढणे ही अडचण न राहता शिदोरी ठरेल.

दुसरा आक्षेप वयाचा आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना असले विषय झेपणार नाहीत, असे सांगितले जाते. हा आक्षेप घेणाऱ्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची आकडेवारी पाहावी. अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी विवाह झालेल्या तरुणींचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के, तर सोलापूर जिल्ह्यात ४० टक्क्यांच्या आसपास आढळले. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ सालचा आहे. यमूच्या दुःखाला तर सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. ज्या वयाच्या मुलीला बालविवाहावरील कादंबरी झेपणार नाही असे आपण म्हणतो, त्याच वयाच्या मुलीला प्रत्यक्ष विवाह झेपेल असे आपल्यातीलच कित्येक आईबाप गृहीत धरतात. या विसंगतीला सोवळेपणा म्हणावे की सोय म्हणावे?

किंबहुना जुन्या कादंबरीचा खरा उपयोग येथेच आहे. लहान गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. बालविवाहावर शिक्षकाने सरळ व्याख्यान दिले, तर वर्गातील एखाद्या मुलीची मान खाली जाईल आणि गावात रोष होईल तो वेगळाच. यमूविषयी मात्र निर्भयपणे बोलता येते. तिच्या सासरच्यांना दोष दिल्याने कोणाचे आप्त दुखावत नाहीत. हे अंतर म्हणजे पळवाट नव्हे; ते विचाराला मिळालेले अभय आहे. यमूवर बोलता बोलता कोणाच्या मनात घरची बहीण आली, तर ती तिथेच राहू द्यावी. तिचे नाव वर्गात वदवून घेण्याचा मोह शिक्षकाने कटाक्षाने टाळावा.

अध्यापनाची रीतही कादंबरीनेच सुचविली आहे. ती मूळची साप्ताहिकातून आलेली. तेव्हा आठवड्याला एक तास, मोठ्याने वाचन आणि पुढच्या भागाची उत्कंठा, याच पद्धतीने ती वर्षभर चालावी. लेखकाचे निधन १९१९ सालचे असल्याने पुस्तकावर स्वामित्वहक्काचा अडसर नाही. प्रश्नपत्रिका काढू नये, गुण देऊ नयेत. प्रश्न मात्र विचारावेत: निर्णय कोणी घेतला, कोण गप्प राहिले, त्या गप्प राहण्याची किंमत कोणी मोजली? आणि ‘तो काळच तसा होता’ या उत्तरावर समाधान मानू नये. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीला विधवांचे कुंकू पुसण्याची आणि बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव मे २०२२ मध्ये करावा लागला, हे सांगितले म्हणजे त्या उत्तराचा पोकळपणा मुलांच्या आपोआप ध्यानी येईल.

हॉथॉर्नच्या कथेत वर्षे लोटतात तसा हेस्टरच्या छातीवरील अक्षराचा अर्थ लोकांच्या मनात बदलत जातो. कलंकाच्या जागी तिचे कर्तृत्व त्यांना दिसू लागते. यमूच्या वाट्याला तेवढा अवधी आला नाही. आज मैंदर्गीत नववीच्या बाकावर बसलेल्या मुलीला तो मिळणार की नाही, हे केवळ कायद्यावर अवलंबून नाही. तिच्या शेजारच्या बाकावरचा मुलगा उद्या भाऊ, पती आणि पिता म्हणून काय ठरवील, यावरही ते अवलंबून आहे. कादंबरीच्या नावातच विचारलेला प्रश्न त्या दोघांनी एकाच वर्गात, एकाच वेळी ऐकला पाहिजे.