सुचायचं असेल तर आधी चाखा



"काहीतरी नवीन करा" असं हल्ली प्रत्येक मेळाव्यात ऐकू येतं. नवीन वाण, नवीन प्रक्रिया, नवीन पॅकिंग. पण नवीन सुचायचं कसं, ते कुणी बोलत नाही. माझं म्हणणं असं की आधी पारख लागते, सुचतं ते नंतर. दोन ज्वारींच्या भाकरीतला फरक ज्याला कळत नाही त्याला ज्वारीत नवीन काय सुचणार? व्हिडिओ कितीही बघू द्या.

दादाजी खोब्रागडे घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ साली पटेल ३ या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवड चालू ठेवली. त्यातूनच बारीक दाण्याचा एचएमटी तांदूळ आला. त्या वेळच्या घड्याळाचं नाव त्याला पडलं, आणि पुढं तर दादाजींनी आणखी वाण काढले. आता अशा लोंब्या दुसऱ्या कुणाच्या बांधीत नसतीलच असं कोण म्हणेल? बघितल्या असतील आणि भेसळ म्हणून सोडल्याही असतील. रोज तेच धान बघणाऱ्या डोळ्यालाच वेगळेपण टोचतं.

आपल्या ज्वारीच्या पट्ट्यात ही पारख घराघरात होती. हुरड्याला गूळभेंडी वेगळी, सुरती वेगळी, भाकरीला मालदांडी. मालदांडी ३५-१ तरी कुठून आली? मोहोळला स्थानिक मालदांडीतूनच निवडून काढलेली ती. आमच्याकडच्या बायका पीठ मळायला घेतलं की सांगतात, याला विरी आहे, याची विरी गेली. भाकरी थापताना कडेला चिरते का, तव्यावर फुगते का, दुसऱ्या दिवशी शिळी कशी लागते, एवढी परीक्षा रोज होते. गोठ्यातही तेच. बैल कुठला कडबा बुडख्यासकट खातो आणि कुठला पायाखाली घालतो ते बघायला काही पैसे पडत नाहीत. (आमच्या शेजारचा बैल तर पाहुण्यापेक्षा चोखंदळ आहे.) बाजारात मात्र दाणा पांढरा आणि टपोरा का, एवढंच बघून भाव.

हे सगळं रोजच्या वापरातून येतं, म्हणून वापर तुटला की जातं. धान्य विकून पीठ पाकिटातून आणलं की विरी कळायचं कारणच राहत नाही. पोरं पानाचा फोटो काढून सल्ला मागतात, किडीसाठी ते बरंच आहे, मीही करतो. पण फोटोतून कणसाची गोडी कळत नाही, आणि काही काम नसताना रानात फिरणं तर आता रिकामपण समजलं जातं.

कृषी विद्यापीठातल्या आणि कृषी खात्यातल्या मंडळींनाही एक विनंती. शिवारफेरीत उत्पादन आणि कालावधीचा तक्ता दाखवता, त्याच्याजवळ एक चूल पण मांडा. ज्या वाणाची शिफारस करता त्याची भाकरी तिथंच करून, पलीकडे जुन्या वाणाचीही ठेवून, आलेल्या बायकांना खायला द्या आणि त्या काय म्हणतात ते लिहून घ्या. एकरी दोन पोती जास्त येत असतील आणि घरात कुणी खात नसेल तर शेतकरी तो वाण दुसऱ्या वर्षी पेरत नाही. मग अहवालात लिहिता, शेतकऱ्यांचा प्रतिसाद कमी.

यंदा ज्वारी हुरड्यात आली की एक करून बघा. रानात चालताना उभ्या कणसातले चार दाणे तोंडात टाका. गोड लागलं तर त्या ताटाला रंगीत दोरा बांधून ते कणीस बियाण्याला राखा, काढणीला वेगळं खुडा, पाखरांपासून वाचवायला फडकं गुंडाळा. पुढच्या रब्बीला एक-दोन ओळी त्याच्याच पेरा. सोबत घरातलं एखादं पोर घ्या, आणि दोरा कुठल्या ताटाला बांधायचा ते त्यालाच ठरवू द्या. तुमच्याकडं हुरड्याला कुठली ज्वारी चालते तेही खाली लिहा.